जपानी मांगा उजवीकडूनच का?

प्रश्न : मुलीच्या आग्रहाखातर पहिल्यांदा मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचली. संवादांची संगती लागेना. भाषांतर कच्चं म्हणायचं का?

उत्तर : इतक्यात ठरवू नका. मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात, म्हणून आपल्याला जे मागचं मुखपृष्ठ वाटतं, तिथून सुरुवात करा. पानावर उजवीकडची वरची चौकट पहिली. मग डावीकडे, मग खालची ओळ. चौकटीतले संवादांचे फुगेही उजवीकडूनच वाचायचे. बहुतेकांची गल्लत इथेच होते : चौकटी बरोबर धरतात आणि फुगे सवयीने डावीकडून वाचतात, म्हणून उत्तर आधी, प्रश्न मागून. चौकटींमागची पांढरी जागा काळी झाली, की बहुधा भूतकाळ सुरू झालेला असतो.

पूर्वी इंग्रजी आवृत्त्यांत डावीकडून वाचता यावं म्हणून पानं आरशासारखी उलटी छापत; 1988 पासून अमेरिकेत निघालेली ‘अकिरा’ ही मांगा तशीच होती. त्यात नुकसान फार. सामुराई डावखुरे होतात, किमोनोची उजवी बाजू वर येते, आणि तशी ती फक्त मृताला नेसवतात! मूळ दिशाच हवी, असं आमचं ठाम मत आहे.

बिनसंवादाच्या पानांवर जरा जास्त थांबा. चित्रकाराचं खरं कसब तिथे दिसतं. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर मत जरूर कळवा.