पुढच्या काचेला तडा, तिच्यावरचा स्टिकर आणि तोंडावर आलेली पुनर्नोंदणी

प्रश्न : माझी पेट्रोलवर चालणारी खासगी मोटार 2011 साली साताऱ्यात नोंदवलेली असून पंधरा वर्षांची नोंदणी पुढील महिन्यात संपते. मागच्या आठवड्यात महामार्गावर पुढच्या डंपरमधून खडी उडाली आणि समोरच्या काचेला चालकाच्या बाजूने हातभर तडा गेला. एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबरप्लेट) बसवताना मिळालेला निळा स्टिकर आणि फास्टॅग याच काचेवर आहेत. गॅरेजवाले स्टिकर ब्लेडने काढून नव्या काचेवर चिकटवून देतो म्हणतात, तर शेजारी सांगतात की आरटीओची तपासणी होईपर्यंत काचेला हातच लावू नका. माझा विमा सर्वसमावेशक आहे. मी काय करावे?

उत्तर : काच बदला आणि ती तपासणीपूर्वीच बदला. शेजाऱ्यांचा सल्ला सद्हेतूने दिलेला असला तरी तो आपल्याला अडचणीत आणणारा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 100 सुरक्षा काच बंधनकारक करतो. किती लांबीचा तडा चालेल याचे माप त्यात दिलेले नाही. मात्र मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 190(1) नुसार, ज्या दोषामुळे वाहन चालवणे धोक्याचे ठरते तो दोष माहीत असताना, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता अशा स्थितीत, वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवल्यास 1500 रुपये दंड आहे. त्या दोषामुळे अपघात होऊन कोणाला इजा झाली किंवा मालमत्तेचे नुकसान झाले, तर तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा 5000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कोपऱ्यातला लहानसा टवका एक वेळ वादाचा विषय होईल. चालकाच्या नजरेसमोरचा हातभर तडा होणार नाही, कारण रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांचा प्रकाश त्यावर फुटतो आणि रस्ता ओलांडणारा माणूस दिसेनासा होतो. चिकटपट्टी लावून दिवस काढू नका.

आता क्रम, कारण आपल्या प्रकरणात सारे त्यावरच अवलंबून आहे. काच काढण्यापूर्वी विमा कंपनीला नुकसानीची सूचना द्या आणि दावा क्रमांक घ्या. सर्व्हेअरने (कंपनीच्या वतीने नुकसान पाहणाऱ्याने) पाहण्याआधी काच उतरवली, तर नुकसान कसे झाले हे सिद्ध करण्याचा भार आपल्यावर येतो. नंबरप्लेटसह तड्याची छायाचित्रे घ्या आणि स्टिकरवरचे क्रमांक वाचता येतील असे एक छायाचित्र वेगळे ठेवा. प्रचलित पॉलिसीत काचेवर घसारा (वापरामुळे किंमत घटली म्हणून होणारी कपात) धरला जात नाही; रबराच्या पट्टीवर तो 50 टक्के धरला जातो. याशिवाय 1500 सीसीपर्यंतच्या मोटारीसाठी 1000 रुपये आणि त्यावरील मोटारीसाठी 2000 रुपये अनिवार्य वजावट होते, म्हणजे तेवढी रक्कम आपल्याच खिशातून जाते. दावा केल्यास नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात मिळणारी सूट) जातो, त्यामुळे काचेचे अंदाजपत्रक हाती आल्यावर वजाबाकी करून पाहा. आपल्या मोटारीच्या वयामुळे स्वतःच्या नुकसानीचा हप्ता मुळातच कमी असणार, म्हणून दावा करणे बहुधा फायद्याचे ठरेल.

डंपरचा क्रमांक आपल्याकडे असेल, तर मालमत्तेच्या नुकसानीसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाता येते. तथापि चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो आणि एका काचेसाठी तो खटाटोप परवडत नाही.

नवी काच लॅमिनेटेड आणि मानक चिन्ह असलेलीच घ्या. तशीच काच बसवणे हा मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 52 खालील फेरबदल नाही, त्यामुळे वेगळी परवानगी लागत नाही. बिल मात्र जपून ठेवा.

स्टिकरबाबत गॅरेजवाल्यांचे ऐकू नका. नियम 50 नुसार तो काढताना फाटावा अशा रीतीनेच बनवलेला असतो, जेणेकरून एका वाहनाचा स्टिकर दुसऱ्यावर लागू नये. त्यावर नोंदणी क्रमांकासोबत दोन्ही प्लेटांचे लेझर क्रमांक आणि इंजिन व चॅसीचे क्रमांक असतात. फाटलेले तुकडे जोडून लावलेला स्टिकर तपासणीत संशयच निर्माण करील, आणि बाजारात छापून मिळणारा हुबेहूब स्टिकर लावणे तर त्याहून गंभीर आहे. ज्या अधिकृत संस्थेने प्लेट बसवल्या तिच्याकडे आरसी, काचेचे बिल आणि जुन्या स्टिकरचे छायाचित्र देऊन नव्या स्टिकरची लेखी मागणी करा. प्लेट शाबूत असल्याने त्या बदलण्याचा आग्रह धरल्यास कारण लेखी मागा. मधल्या काळात अर्जाची पावती गाडीत ठेवा. ती दंडातून सूट देत नाही, पण आपली सद्भावना दाखवते.

फास्टॅगही जुन्या काचेबरोबर निकामी होईल. जारी करणाऱ्या बँकेकडून त्याच वाहनासाठी बदली टॅग मागवा. जुना टॅग हातात धरून दाखवू नका; जुलै 2025 पासून असे सुटे टॅग काळ्या यादीत टाकले जातात. वैध टॅग नसल्यास राष्ट्रीय महामार्गावर यूपीआयने सव्वापट टोल भरावा लागतो.

पुनर्नोंदणीचा नमुना 25 मधील अर्ज मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत करता येतो, म्हणजे आपली मुदत सुरू झालेली आहे. शुल्क आणि पर्यावरण कर भरून अर्ज आजच करा, प्रत्यक्ष तपासणीची वेळ मात्र काच आणि स्टिकर बसल्यानंतरची घ्या. नोंदणी संपल्यानंतर नूतनीकरण होईपर्यंत मोटार रस्त्यावर आणू नका, कारण तेव्हा नोंदणीविना वाहन चालवण्याविषयीची कलम 39 आणि 192 लागू होतात आणि दंड काचेच्या दंडाहून कितीतरी मोठा असतो. तपासणीत पात्र ठरल्यास नोंदणी पाच वर्षांसाठी वाढते.

विमा कंपनीने दावा नाकारला किंवा काचेवर घसारा कापला, तर पॉलिसीतील नेमकी अट लेखी मागून तिच्या तक्रार अधिकाऱ्याकडे दाद मागा. महिनाभरात समाधानकारक उत्तर न मिळाल्यास पुण्यातील विमा लोकपालांकडे विनाशुल्क तक्रार करता येते; ती कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत करावी लागते, म्हणून नकाराचे पत्र तारखेसह जपून ठेवा.