आंबोलीत धबधब्याशेजारच्या ओल्या कातळावर बेडकाची पिल्लं पाण्याबाहेर चिकटलेली दिसली. काहींना मागचे पायही होते. ती मरतील का? उचलून ओढ्यात सोडावीत का?

कृपया उचलू नका. ती वाट चुकून बाहेर आलेली नाहीत, त्यांचं घरच तिथे आहे.

लांबट चपटं अंग, निमुळती शेपटी आणि वर आलेले डोळे, हे तुमचं वर्णन वाचून ती इंडिराना बेडकांची पिल्लं असणार असं वाटतं. हे बेडूक पश्चिम घाटातले. आंबोलीतूनच २०१४ साली त्यांच्यातल्या एका नव्या जातीची नोंद झाली. तिचं नाव 'चिरावासी', म्हणजे कातळाच्या चिरांमध्ये राहणारा.

पुन्हा गेलात तर नीट बघा, मुख्य धारेखाली ही पिल्लं नसतात. धारेच्या कडेला, जिथे तुषार उडतात किंवा भेगेतून पाणी पाझरतं, तिथे कातळावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. ती त्यात पोट टेकून बसतात, पाठ बऱ्याचदा उघडीच असते. पापुद्रा इतका पातळ असतो की त्यात हवेतला प्राणवायू सतत मिसळत राहतो. मासे तिथवर पोचत नाहीत. आणि अन्न तर पोटाखालीच! कातळावरचं शेवाळ आणि डायटम (डोळ्यांना न दिसणारं एकपेशीय शेवाळ) ती तोंडातल्या कठीण दातऱ्यांनी खरवडून खातात. डबक्यातल्या पिल्लांना यातलं बरंच काही मिळत नाही, म्हणून मला ही जागा अडचणीची नाही, तर फार हुशारीने निवडलेली वाटते.

खरा धोका आहे तो कातळ सुकण्याचा. चार-पाच दिवस पावसाने उघडीप दिली की मोकळ्या कातळावरची पिल्लं कमी झालेली आणि पाझरत्या चिरांच्या तोंडाशी गर्दी झालेली मी पाहिली आहे. म्हणजे ती ओलाव्यामागे सरकतात. नुसती सरकतात असं नाही, उडीही मारतात. वाकून पाहिलंत आणि सावली पडली की शेपटीच्या झटक्यासरशी पिल्लू टुणकन दुसरीकडे! बेडूक व्हायच्या आधीच उडी, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी कितीतरी वेळ तिथून हललो नव्हतो.

हिमालयातल्या अमोलॉप्स बेडकांच्या पिल्लांना पोटावर चूषक असतो, त्यामुळे ती वाहत्या धारेतही दगडाला घट्ट धरून राहतात. आपल्याकडच्या या पिल्लांना तसं काही नाही. शेपटीवरचा पडदाही अगदी अरुंद, त्यामुळे जोरदार प्रवाहात पोहणं त्यांना जमण्यासारखं नाही. सुरुवातीला मीही दोन पिल्लं 'वाचवायला' म्हणून ओढ्यात सोडली होती. क्षणात वाहून गेली. त्याची रुखरुख अजून आहे.

श्रीलंकेतल्या नॅनोफ्रिस आणि ब्राझीलमधल्या थोरोपा या बेडकांची पिल्लंही अशीच ओल्या कातळावर वाढतात. नात्याने ही मंडळी एकमेकांपासून बरीच दूर, तरी अंगाची ठेवण तीच: चपटं शरीर, लांब शेपटी, अरुंद पडदा.

राहिले ते मागचे पाय. या पिल्लांना ते लवकर फुटतात, त्यामुळे पाय दिसले म्हणजे बेडूक झालाच असं समजू नका. पुढचे पाय आले का ते बघा. ते आल्यावर मात्र शेपटी झपाट्याने आखडू लागते.