वाचकांचे प्रश्न : नावेवरील ट्रोलिंग मोटर

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच यंत्राविषयी आहेत. बॅटरीवर चालणारी आणि नावेच्या काठाला टांगायची ही लहान विजेची मोटर, म्हणजे ट्रोलिंग मोटर, आता पूर्व विदर्भातील धरणांवर आणि मामा (माजी मालगुजारी) तलावांवरही दिसू लागली आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सविस्तर दिली असून उरलेली दोन थोडक्यात आटोपली आहेत.

प्रश्न : गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात मी मासेमारी करतो. माझी नाव १४ फुटी, फायबरची आहे. तिच्या मागच्या फळीवर ५५ पौंड थ्रस्टची (म्हणजे नाव ढकलण्याच्या जोराची), १२ व्होल्टची मोटर बसवली आहे. तोल राहावा म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी पुढच्या टोकाला ठेवली असून घराच्या वायरिंगमधून उरलेली अडीच चौरस मिलिमीटरची वायर मागपर्यंत नेली आहे. पहिल्या तीन गतींवर मोटर बरी चालते, परंतु पाचव्या गतीवर टाकली की जोर येण्याऐवजी आवाज मंदावतो, वायर हाताला चटका बसावा इतकी तापते आणि थोड्या वेळाने मोटर बंद पडते. दुकानदाराच्या मते मोटरच गेली आहे. ती उघडून पाहावी काय?
— एक वाचक, तालुका पवनी, जिल्हा भंडारा

उत्तर : मोटर उघडू नका. आपण लिहिलेल्या लक्षणांवरून ती निर्दोष असण्याची शक्यताच अधिक आहे, आणि आपल्या पत्रातील सर्वांत बोलके वाक्य वायर तापण्याविषयीचे आहे. १२ व्होल्टची ५५ पौंडी मोटर पूर्ण गतीवर सुमारे ५० अँपिअर प्रवाह ओढते. घरातील पंखा आणि दिवे मिळूनही त्या वायरमधून इतका प्रवाह कधी जात नाही. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ७.४ मिलिओहम असतो. बॅटरीपासून मोटरपर्यंतचे अंतर ४ मीटर धरले, तरी जाण्याची आणि येण्याची मिळून ८ मीटर तार होते, आणि ५० अँपिअरला त्या तारेतच जवळजवळ ३ व्होल्ट खर्ची पडतात. म्हणजे बॅटरी १२ व्होल्ट देत असली तरी मोटरच्या वाट्याला ९ च्या आसपासच येतात, आणि उरलेली शक्ती, म्हणजे दीडशे वॅटच्या घरात, आपली वायर तापवण्यात जाते. कमी गतीवर प्रवाह कमी असल्यामुळे हे नुकसानही कमी असते. म्हणूनच तिसऱ्या गतीपर्यंत आपल्याला काही जाणवत नाही.

खात्री करण्यासाठी साधा मल्टिमीटर पुरेसा आहे. नाव काठाला दोराने घट्ट बांधावी, पंखा पाण्यात पूर्ण बुडालेला असावा, मोटर पाचव्या गतीवर चालू करावी आणि ती चालू असतानाच आधी बॅटरीच्या टर्मिनलवर व मग मोटरच्या जोडापाशी व्होल्टेज मोजावे. बंद मोटरवर घेतलेले माप या कामी निरुपयोगी आहे, कारण प्रवाह वाहत नसेल तर बारीक तारेतही व्होल्टेज पडत नाही आणि सर्व काही ठीक असल्याचा भास होतो. दोन मापांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला, तर दोष वायरीत किंवा एखाद्या जोडात आहे असे समजावे. जोड शोधण्यासाठी मीटरची एक सुई जोडाच्या अलीकडे आणि दुसरी पलीकडे टेकवावी. चांगल्या जोडावर आकडा शून्याजवळ राहतो. पिळा मारून वर चिकटपट्टी गुंडाळलेला जोड आणि बॅटरीला लावलेले चिमटे, ही दोन ठिकाणे आधी तपासावीत.

वायर बदलायची झाल्यास २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वेल्डिंग केबल घ्यावी. ती तालुक्याच्या गावी सहज मिळते, लवचिक असते आणि आपल्या अंतराला तिच्यात सुमारे ०.३ व्होल्टच पडतात. घेताना टोक कापून आतील तारा पाहाव्यात, कारण तशाच दिसणाऱ्या ॲल्युमिनिअमच्या केबलीही बाजारात असतात. दोन्ही टोकांना दाबयंत्राने तांब्याचे लग, म्हणजे बोल्टसाठी भोक असलेली टोके, बसवून ते नट-बोल्टने आवळावेत. चिमटे काढून टाकावेत. बॅटरीच्या धन टर्मिनलच्या अगदी जवळ ६० अँपिअरचा, डीसी प्रवाहासाठी बनवलेला ब्रेकर बसवणे आवश्यक आहे. घरातला एमसीबी येथे वापरू नये. घरचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येत असल्यामुळे त्या एमसीबीतील ठिणगी आपोआप विझते. बॅटरीचा प्रवाह सलग असल्यामुळे ती तशी विझत नाही, आणि नेमक्या गरजेच्या वेळी ब्रेकर आतून जळू शकतो. आपल्या पत्रात ब्रेकरचा उल्लेखच नाही; तो नसेल तर वायर बदलण्याआधी मोटर पाचव्या गतीवर पुन्हा चालवू नये.

आता बॅटरीविषयी. ट्रॅक्टरच्या बॅटरीतील पट्ट्या पातळ असतात, कारण तिला इंजिन सुरू करताना काही सेकंदच मोठा प्रवाह द्यायचा असतो आणि पुढे लगेच ती भरली जाते. तासन्‌तास सावकाश रिकामी होणे तिला मानवत नाही; अशा वापराने ती एखाद्या हंगामातच निकामी होते. ई-रिक्षाची १०० अँपिअर-तासाची बॅटरी या कामाला पुष्कळच योग्य आहे. इन्व्हर्टरची मोठी ट्युब्युलर बॅटरी चालते, पण ती पन्नास किलोच्या पुढे जाते आणि १४ फुटी नावेत ते ओझे जाणवते. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी वजनाला १२ किलोच्या आसपास असते, मात्र तिला तिचाच चार्जर लागतो. शिशाच्या बॅटरीचे व्होल्टेज, ती काही तास विसावलेली असताना, १२.६ किंवा जास्त असेल तर ती भरलेली आहे, १२.२ च्या आसपास असेल तर निम्मी रिकामी झाली आहे, आणि तिला वरचेवर याखाली उतरू देऊ नये. या हिशेबाने १०० अँपिअर-तासाची बॅटरी पूर्ण गतीवर तासभरही पुरणार नाही, आणि १५ अँपिअर ओढणाऱ्या सावकाश गतीवर तीन तासांच्या आसपास चालेल. ज्यांना फुगवटा ओलांडून पलीकडच्या काठावर रोज जायचे आहे, त्यांनी हा हिशेब मोटर घेण्याआधीच मांडावा. अधिक पौंडांची मोटर घेतल्याने नाव फारशी वेगाने पळत नाही. जास्त वजन आणि जास्त वारा तेवढा सोसता येतो. साध्या अंदाजाला नाव, माणसे व सामान मिळून दर ५० किलो वजनास १ किलो थ्रस्ट किमान धरावा. आपली ५५ पौंडी मोटर म्हणजे २५ किलोची, तेव्हा आपल्याकडे थ्रस्टची वानवा मुळीच नाही.

प्रश्न : आमच्या गावच्या मामा तलावात आम्ही लाकडी डोंग्यातून जाळी टाकतो. डोंग्याची दोन्ही टोके निमुळती असल्यामुळे मोटरची पकड लावायला सपाट फळीच नाही. मोटर कशी बसवावी? तलावात शिंगाड्याच्या वेली भरपूर आहेत.
— एक वाचक, तालुका अर्जुनी-मोरगाव, जिल्हा गोंदिया

उत्तर : टोकाला बसवण्याचा नाद सोडावा आणि मोटर बाजूला घ्यावी. डोंग्याच्या दोन्ही काठांवर आडवी टेकेल अशी सागवानाची जाड फळी घ्या आणि तिचे एक टोक काठाबाहेर वीतभर पुढे राहू द्या. त्या टोकाला उभा ठोकळा बोल्टने पक्का करा, मोटरची पकड त्या ठोकळ्यावर बसेल. ठोकळ्याची जाडी ठरवताना आपल्या मोटरची पकड किती उघडते ते आधी मोजून घ्यावे. फळी काठांना खिळ्यांनी ठोकू नये. जुन्या डोंग्याच्या काठाला खिळ्याने चीर जाते. काठाच्या आतल्या बाजूला आधाराचे लाकूड देऊन गंज न धरणाऱ्या बोल्टने दोन्हींमध्ये काठ आवळावा. काठ कुजका असेल तर मात्र आधी डोंगा दुरुस्त करावा, मोटर नंतर.

जागा निवडताना दोन गोष्टींचा मेळ घालावा लागतो. मोटर डोंग्याच्या मध्यापासून मागे असावी, म्हणजे डोंगा सरळ चालतो, आणि मागे बसणाऱ्याचा हात तिच्या दांड्यापर्यंत सहज पोचावा, म्हणजे त्याला काठावरून झुकावे लागत नाही. मोटर उजव्या काठाला असेल तर डोंगा डावीकडे वळू पाहील. दांडा किंचित तिरका धरून ते सावरता येते आणि सवयीने हात आपोआप तसा राहतो. डोंगा अरुंद असल्यामुळे तोलाचा प्रश्न याहून मोठा आहे. बॅटरी मोटरच्या विरुद्ध बाजूला, तळाशी, लाकडी खोक्यात पट्ट्याने बांधून ठेवावी. तिच्याखाली दोन पट्ट्या टाकाव्यात, म्हणजे डोंग्यात साचलेले पाणी तिला लागणार नाही. ते खोके वरून हवाबंद करू नये, कारण शिशाच्या बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो.

मोटरचा पाण्यातील गोळा पृष्ठभागाच्या ९ ते १२ इंच खाली असावा. तो याहून वर राहिला तर पंखा हवा ओढतो, घरघर वाढते आणि डोंगा जागचा हलत नाही. पुष्कळांना ही मोटरचीच खोट वाटते. उन्हाळ्यात तलाव आटला की दांडी वर घ्यावी लागेल, तेव्हा दांडीवरील कड्याची चकती हाताने सोडवता येईल अशीच ठेवावी. पकडीचे स्क्रू कंपनाने ढिले होतात, म्हणून मोटरच्या मानेपासून डोंग्याच्या आडव्या लाकडापर्यंत एक दोर कायम बांधलेला असावा. पाण्यात गेलेली मोटर चिखलातून शोधून काढणे म्हणजे दिवस घालवणे.

शिंगाड्याविषयी माझे मत स्पष्ट आहे : जेथे वेली दाट आहेत तेथे मोटर उचलून घ्यावी आणि बांबूने डोंगा रेटावा. वेलींसाठी वेगळ्या आकाराचे पंखे मिळतात व त्यांनी फरक पडतो, परंतु वेल गुंडाळली गेली की मोटर जास्त प्रवाह ओढते, तापते आणि बॅटरी लवकर संपते. चुकून अडकलीच तर गती वाढवून वेल तोडू पाहू नये. मोटर क्षणभर उलटी फिरवावी, तरीही सुटली नाही तर बॅटरीचा जोड काढून मगच पंख्याला हात लावावा. शिंगाडा ज्यांचा आहे त्यांच्याशी आणि आपल्या मत्स्य संस्थेशी मोटरच्या वाटेबद्दल आधी बोलून घेणे श्रेयस्कर.

प्रश्न : माझी पाच गतींची मोटर पहिल्या चार गतींवर अजिबात फिरत नाही, पाचवीवर मात्र पूर्ण जोराने चालते. बॅटरी नवी आहे. असे का व्हावे?
— एक वाचक, जिल्हा चंद्रपूर

उत्तर : आपल्या मोटरमधील गती कमी करणारी कॉइल जळली आहे. या जातीच्या मोटरमध्ये खालच्या गतींवर प्रवाह रोध असलेल्या कॉइलमधून जातो, पाचव्या गतीवर तो कॉइल टाळून थेट मोटरला मिळतो. ही कॉइल बहुधा खालच्या गोळ्यात असते आणि बाहेरचे पाणी तिला थंड ठेवते. मोटर काठावर, हवेत, लोकांना दाखवण्यासाठी बराच वेळ फिरवली तर ती जळते. कॉइल बदलता येते, परंतु गोळा उघडल्यावर त्याचे सील नवे बसवावे लागतात, नाहीतर पाणी आत शिरते. हे काम पंप दुरुस्त करणाऱ्या जाणत्या कारागिराकडून करून घ्यावे.

प्रश्न : मोटर फिरल्याचा आवाज येतो, पण नाव पुढे सरकत नाही. पंख्यामागे नायलॉनचा धागा अडकल्याचे दिसते.
— एक वाचक, जिल्हा गडचिरोली

उत्तर : बॅटरीचा जोड काढून पंख्याचा नट सोडवा आणि पंखा बाहेर ओढा. आतील आडवी पिन तुटलेली आढळेल, किंवा पंख्याची खाच झिजलेली दिसेल. पिन मूळ मापाचीच घालावी. तिच्याऐवजी खिळा कापून घातल्यास तो गंजून आतच धरतो. जाळ्याचा धागा पंख्याच्या आसाभोवती गुंडाळला गेलेला असेल तर तो पूर्ण काढून टाका, कारण तो फिरता फिरता सीलमध्ये रुततो आणि ते कापतो. त्यानंतर मोटर आडवी धरून पाहा. आसाच्या तोंडाशी तांबूस पाणी आले, तर आतील बेअरिंगला गंज चढू लागला आहे. अशी मोटर त्याच दिवशी उघडून वाळवावी व सील बदलावे, घरी टांगून ठेवू नये.