लोड ४०, पण सीपीयू निवांत

तुमच्या लिनक्स सर्व्हरवर लोड (कामाच्या ताणाचा आकडा) ४० आणि सीपीयू ९५ टक्के रिकामा, हे बघून घाबरू नका. लगेच रीबूटही मारू नका, पुरावाच पुसला जाईल.

लिनक्समध्ये लोड म्हणजे सीपीयूचा वापर नव्हे. सीपीयूवर चालणाऱ्या किंवा त्यासाठी रांगेत असलेल्या प्रोसेस (चालू प्रोग्राम) त्यात मोजल्या जातातच, शिवाय डिस्कच्या किंवा नेटवर्क स्टोरेजच्या उत्तराची वाट बघत अडकलेल्याही धरल्या जातात. तुमचा घोळ बहुतेक तिथेच आहे. प्रोसेसची यादी देणारी ‘पीएस’ कमांड चालवून स्टेटच्या रकान्यात ‘डी’ (म्हणजे अशी अडकलेली) असलेल्या ओळी शोधा. एकच कमांड पुन्हापुन्हा दिसली, तर चोर सापडला म्हणून समजा.

माझ्याकडे एका रात्री एनएफएस सर्व्हर (नेटवर्कवरून फाइली पुरवणारा) बंद पडला होता. क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं सुरू करणारी सोय) दर मिनिटाला सुटणारी स्क्रिप्ट त्या सर्व्हरच्या माउंटवर (जोडलेल्या फोल्डरवर) जाऊन अडकायची आणि लोड मिनिटाला एकने चढायचा, घड्याळ लावल्यासारखा. डिस्कवरची जागा दाखवणारं ‘डीएफ’ चालवलं तर तेही लटकलं, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. पलीकडचा सर्व्हर उठला आणि लोड आपोआप उतरला. तेव्हापासून क्रॉनच्या प्रत्येक स्क्रिप्टला मी ‘एफलॉक’ लावतो, म्हणजे आधीची संपल्याशिवाय तीच स्क्रिप्ट पुन्हा सुरू होत नाही. तुम्हीही लावाच.

‘डी’ एकही नसेल, तर ‘व्हीएमस्टॅट’ कमांडचा ‘आर’ रकाना (सीपीयूवर चालणाऱ्या किंवा त्याच्या रांगेतल्या प्रोसेस) बघा आणि आकडा सीपीयूच्या कोअरच्या संख्येशी ताडून पाहा. १६ कोअरवर १६ लोड म्हणजे संकट नाही. आणि हो, लोडच्या १, ५, १५ मिनिटांच्या सरासरीत पहिला आकडा शेवटच्यापेक्षा लहान असेल, तर भर ओसरतोय.