बिल नाही, पण तुटलेला पार्ट हातात आहे

प्रश्न : मी गुहागर तालुक्यात राहतो. माझी मोटार २०१० सालची आहे. मे महिन्यात चिपळूणच्या एका गॅरेजमध्ये पुढचे दोन्ही लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे दांडे), शॉकअप आणि व्हील बेअरिंग बदलून घेतले. ‘कंपनीचेच पार्ट आहेत’ असे सांगून १८,५०० रुपये घेतले. १२,००० यूपीआयने दिले, उरलेले रोख. बिल दिले नाही. ऑगस्टमध्ये कुंभार्ली घाट उतरताना डावीकडचा बॉल जॉइंट (आर्म चाकाला जोडणारा सांधा) सुटून चाक आडवे झाले आणि गाडी कठड्याला घासली. कोणाला लागले नाही. गॅरेजमालक म्हणतात, ‘गाडी जुनी, रस्ते खराब, आमचा काय दोष?’ बिलाशिवाय दाद मागता येईल का? आणि आता पार्ट कोणते घ्यावेत?

उत्तर : दाद मागता येईल, आणि आपण ती मागावी असे माझे स्पष्ट मत आहे, कारण घाटात चाक आडवे होणे म्हणजे थेट जिवाशी खेळ आहे.

आधी बिलाचे पाहू. विकलेल्या मालाचे किंवा दिलेल्या सेवेचे बिल न देणे हीच ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्यामुळे बिल नसल्याचा फायदा ज्याने ते दिले नाही त्याला उठवता येऊ नये. यूपीआयची नोंद व्यवहार सिद्ध करायला पुरेशी आहे. जुलैमध्ये आपण व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डावीकडून खडखड आवाज येतोय’ असे कळवले होते आणि ‘नवीन पार्ट आहे, सेट होईल, चालवा’ असे उत्तर आले होते, हा तर माझ्या दृष्टीने आपल्या प्रकरणाचा कणा आहे. तो संवाद पुसू नका, फोन बदलू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडून तो सादर करता येईल.

मात्र याच संवादाची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. आवाज येत असताना गाडी चालवलीत, असे समोरचे वकील म्हणतीलच. ज्याने काम केले त्यालाच विचारून, त्याच्याच सांगण्यावरून चालवली, हे आपले उत्तर असेल आणि ते तक्रारीत आधीच लिहिलेले असले पाहिजे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तुटलेला आर्म भंगारात देऊ नका. तो धुऊ नका, घासू नका, तेल लावू नका. धातू एकदम तुटला की आधीपासून तडा वाढत गेला होता, हे तुटलेल्या पृष्ठभागावरून जाणकार अभियंता सांगू शकतो. पण आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत त्यावर लवकर गंज चढतो आणि तो पुरावा बुजून जातो. म्हणून कोरड्या कापडात गुंडाळून, हवाबंद पिशवीत घालून ठेवा. उजवीकडचा आर्म त्याच खरेदीतला आहे. तो अजून शाबूत असला तरी बदला आणि जुना जपून ठेवा, कारण तुलनेसाठी त्याच्याइतका चांगला नमुना मिळणार नाही. जिल्हा ग्राहक आयोगाला ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवता येतो आणि साधारण ४५ दिवसांत अहवाल मागवता येतो. त्याचे शुल्क आपल्याला भरावे लागेल. तोपर्यंत स्वतःहून कापून-बिपून तपासणी करून घेऊ नका.

‘गाडी जुनी, रस्ते खराब’ हा बचाव फार टिकेल असे मला वाटत नाही. गाडी जुनी आहे म्हणूनच तर पार्ट बदलले, आणि ती कोणत्या रस्त्यांवर चालते हे चिपळूणच्या गॅरेजवाल्याला वेगळे सांगायला नको.

नोटीस गॅरेजमालक आणि पार्ट विकणारा दुकानदार या दोघांनाही पाठवा. पार्ट कोणी बनवला हे कळत नसेल, तर याच कायद्याच्या कलम ८६ प्रमाणे विकणाऱ्यावरच उत्पादकासारखी जबाबदारी येऊ शकते. आपण पाठवलेल्या फोटोतल्या खोक्यावर नामांकित कंपनीचे नाव आहे, पण उत्पादकाचा पत्ता, महिना-वर्ष आणि एमआरपी यांतले काहीच नाही. तो फोटो त्या कंपनीच्या ग्राहक सेवेला पाठवून ‘हा माल आमचा नाही’ असे लेखी उत्तर मिळवा. ते मिळाले तर ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ खाली फौजदारी तक्रारीचाही मार्ग खुला होतो. तोवर गावच्या ग्रुपवर गॅरेजवाल्याविरुद्ध काही लिहू नका. उलट बदनामीचा दावा अंगावर यायचा.

नोटिशीला उत्तर आले नाही, तर रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. आपण तिथल्या जिल्ह्यात राहता, एवढे अधिकारक्षेत्राला पुरते. आपण गॅरेजला दिलेला मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही, मुदत दोन वर्षे आहे आणि तक्रार ऑनलाइनही दाखल होते. पार्टची किंमत, दुरुस्ती, टोइंग आणि मानसिक त्रास यांची भरपाई मागा, पण आकडे पावत्यांना धरून असू द्या. विमा कंपनी मोडलेल्या आर्मचे पैसे यांत्रिक बिघाड म्हणून नाकारील. कठड्याला घासून झालेल्या नुकसानीचा दावा मात्र वेगळा मांडता येतो. दहा वर्षांपुढच्या गाडीला धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, हे धरून चाला.

नव्या पार्टविषयी : मोटार कंपनीच्याच खोक्यातला पार्ट हवा, असे कायद्याचे बंधन नाही. नामांकित उत्पादकाने स्वतःच्या नावाने विकलेला पार्ट पूर्ण कायदेशीर असतो आणि जुन्या गाडीला बऱ्याचदा तोच परवडतो. दुसऱ्याचे नाव छापलेला डुप्लिकेट आणि जुन्या बाजारातून काढलेला आर्म किंवा बॉल जॉइंट, किंमत कितीही कमी असली तरी, घेऊ नका. शॉकअप जोडीनेच बदला, बेअरिंगबरोबर हब नट (चाकाच्या मध्यभागाचा नट) नवीन घ्या आणि काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करून त्याची छापील पावती घ्या, कारण ‘अलाइनमेंट केलीच नाही’ हा गॅरेजवाल्यांचा नेहमीचा बचाव असतो. बिलावर पार्ट नंबर, उत्पादकाचे नाव, वॉरंटीची मुदत आणि त्या दिवशीचे किलोमीटर लिहून घ्या. काढलेले भाग परत मागून घ्या.

नोटीस या आठवड्यातच स्पीड पोस्टाने पाठवा आणि पंधरा दिवसांची मुदत द्या. पोच मिळाली की तिची प्रत, खोक्याचे फोटो आणि यूपीआयची नोंद एकत्र करून माझ्याकडे पाठवा. तक्रारीचा मसुदा त्यावरून करता येईल.