'महत्त्वाकांक्षी' की 'महत्त्वाकांक्षिणी'?

प्रश्न असा आला आहे : शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकात नवऱ्याला राजाच्या खुनाला प्रवृत्त करणाऱ्या लेडी मॅकबेथबद्दल लिहिताना 'महत्त्वाकांक्षी' म्हणावं की 'महत्त्वाकांक्षिणी'?

'महत्त्वाकांक्षी' म्हणा. मराठीत अभिमानी राजा तशीच अभिमानी राणी. संस्कृतात 'आकांक्षिणी' होतं म्हणून मराठीतही करा, असा हट्ट धरणारे स्वतःच्या लेकीला 'आनंदी मुलगी'च म्हणतात, 'आनंदिनी मुलगी' नाही. त्यांचा नियम त्यांनाच पाळता येत नाही. शब्दात त मात्र दोन हवेत : महत् + त्व.

मला चीड येते ती दुसऱ्याच गोष्टीची. स्थळाची चौकशी करताना "मुलगी जरा महत्त्वाकांक्षी आहे" हे आवाज खाली आणून सांगतात. मुलाबद्दल हेच छाती पुढे काढून. आणि दाखल्याला हमखास लेडी मॅकबेथ. या लोकांनी नाटक उघडून पाहावं. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मध्ये 'ॲम्बिशन' हा महत्त्वाकांक्षेचा इंग्रजी शब्द तीनदा येतो : एकदा ती नवऱ्याबद्दल बोलते तेव्हा, एकदा मॅकबेथ स्वतःबद्दल बोलतो तेव्हा, आणि एकदा रॉस हा सरदार खून झालेल्या डंकन राजाच्या मुलांवरच्या संशयाबद्दल बोलतो तेव्हा. तिच्यासाठी तो कुणीच वापरत नाही. शेवटी डंकनचा मुलगा माल्कम तिला राक्षसी राणी म्हणतो, पण महत्त्वाकांक्षी म्हणत नाही.

असं का, याचं उत्तर शब्दाच्या मुळाशी आहे, आणि ते मूळ मला फार आवडतं. लॅटिन 'अम्बीरे' म्हणजे भोवती फिरणं. रोममध्ये पदाचा उमेदवार लोकांत फिरून मतं मागायचा, ती 'अम्बितिओ'. त्यात लाचलुचपत आली की 'अम्बितुस', म्हणजे गुन्हा. यातलं 'अम्बि' आपल्या 'अभितः'चं, म्हणजे सभोवार या शब्दाचं भावंड, आणि 'ईरे' हे 'एति'मधल्या 'इ' धातूचं. म्हणजे हा पायांचा शब्द आहे, आणि रोमच्या त्या फेऱ्या फक्त पुरुषांच्या होत्या. आपल्या 'महत्त्वाकांक्षे'त चालणं नाहीच, नुसती थोरपणाची इच्छा आहे. कोश दोन्ही शब्द एकमेकांपुढे मांडून मोकळे होतात, ते मला पटत नाही. पहिल्या अंकात नवऱ्याचं पत्र वाचून झाल्यावर लेडी मॅकबेथ जे म्हणते त्याचा आशय असा : तुला थोर व्हायचंय, तुझ्यात ॲम्बिशनही आहे, पण तिच्या सोबतीला लागणारा दुष्टपणा नाही. थोर होणं वेगळं आणि ॲम्बिशन वेगळी, हे तिनेच सांगितलंय! त्या पत्रात मॅकबेथने तिला थोरपणातली जोडीदारीण म्हटलंय. महत्त्वात तिचा वाटा आहे, फिरण्यात नाही.

माझं मत असं की शेक्सपिअरच्या कानाला या शब्दातली चाल ऐकू येत होती. म्हणून मॅकबेथच्या तोंडी ॲम्बिशन उडी मारते आणि पलीकडे जाऊन पडते. तो रणावरून येतो, राजाच्या पुढे घोडा दौडवतो, राज्याभिषेकाला स्कोनला जातो. ती इन्व्हर्नेसच्या वाड्यात पत्र हातात घेऊन उभी असते. खुनासाठी काहीतरी करायचं तर आधी बाईपण काढून घ्या, असं तिला भुतांना विनवावं लागतं. दुधाच्या जागी पित्त द्या म्हणते. नवऱ्याला डिवचायलाही तिच्याकडे एकच हत्यार आहे : हे करायची हिंमत होती तेव्हा तू पुरुष होतास. तिला बाई आणि स्वार्थी एवढंच ठरवून मोकळे होणारे टीकाकार हे वाक्य नीट वाचत नाहीत. ती मागते ते त्याच्यासाठी. 'मला राणी व्हायचंय' असं ती एकदाही म्हणत नाही.

रंगमंचावर तिची स्वतःची अशी फेरी आपण एकदाच पाहतो. पाचव्या अंकात, डन्सिनेनच्या किल्ल्यात, रात्री, हातात मेणबत्ती घेऊन. डोळे उघडे, पण झोपेत.