फोन लॉजचा, उचलतो फोरमन

प्रश्न : आमचे धंदे तीन. उद्यमनगरात मशीन शॉप, महाद्वार रोडला चपलांचं दुकान आणि अंबाबाईच्या देवळाजवळ धाकट्या भावाचं यात्री निवास. ओळखीच्या एका पोरानं मशीन शॉपमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर फ्रीपीबीएक्स (कॉल वाटून देणारं एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर) बसवून दिलं, बाकी दोन ठिकाणी आयपी फोन (नेटवर्कवर चालणारे) जोडले आणि तो गेला पुण्याला नोकरीला. आता कुठलाही नंबर लावा, फोन वाजतोय मशीन शॉपच्या टेबलावरच. गिऱ्हाईक खोलीचं भाडं विचारतंय आणि आमचा फोरमन सांगतोय जॉब शनिवारी मिळंल. नवरात्र तोंडावर आलंय. चपलांच्या दुकानाचा आणि निवासाचा नंबर एसआयपी ट्रंकवर (इंटरनेटवरून येणाऱ्या लाइनवर) आहे, मशीन शॉपच्या जुन्या दोन लँडलाइन कॉम्प्युटरमधल्या कार्डात घुसवल्यात. इनबाउंड रूट्समध्ये (आलेला कॉल कुठं वळवायचा त्या नियमांत) चारी नंबर भरले तरी काय फरक पडंना.
– एक वाचक, उद्यमनगर

उत्तर : दादा, फोरमनला काही बोलू नका, त्याचा काय दोष. तुमच्या सिस्टीममध्ये एक रूट असा असणार ज्यात डीआयडी (गिऱ्हाइकानं लावलेला तुमचा नंबर) पण कोरा आणि सीआयडी (फोन करणाऱ्याचा नंबर) पण कोरा, आणि तो मशीन शॉपकडे वळवलेला. त्या पोरानं टेस्टिंगला केला असेल आणि तसाच राहिला. ज्या कॉलला दुसरा कुठलाच रूट लागू होत नाही तो या कोऱ्या रूटमध्ये पडतो. म्हणजे खरी भानगड अशी की तुम्ही भरलेले नंबर जुळतच नाहीयेत.

का जुळत नाहीत? कारण तुम्ही बोर्डावर असतो तसा नंबर टाकला असणार, ०२३१ आणि पुढं सात आकडे. पण फोन कंपनी तो तसाच पाठवेल असं काही नाही. कुणी पुढं अधिक ९१ लावतं, कुणी नुसतं ९१, कुणी शून्य काढून दहा आकडे देतं, पीआरआय (एकाच वेळी अनेक कॉल नेणारी डिजिटल) लाइन असेल तर बऱ्याचदा शेवटचे तीनचार आकडेच येतात. मशीनला काय कळतंय की हा नंबर तोच आहे, ती आकड्याला आकडा लावून बघते, एक अक्षर इकडंतिकडं झालं की संपलं. म्हणून आधी अंदाज बंद करा. मोबाइलवरून निवासाचा नंबर लावा, मग रिपोर्ट्समध्ये सीडीआर (झालेल्या कॉलची यादी) उघडा, तिथं डीआयडीचा रकाना असतो. त्यात जे आलंय ते जसंच्या तसं, अधिकचं चिन्ह असेल तर तेही धरून, रूटमध्ये टाका. सबमिट दाबलं म्हणजे काम झालं असं नाही हं, वर लाल अप्लाय कॉन्फिग दिसतं ते दाबल्याशिवाय काहीच बदलत नाही, निम्मी माणसं इथंच अडकतात.

आता समजा रकान्यात नंबरच्या जागी तुमच्या ट्रंकचं युजरनेम दिसलं, तर बहुधा कंपनी गिऱ्हाइकानं लावलेला नंबर टू हेडरमध्ये (कॉलसोबत येणाऱ्या माहितीतल्या ‘कुणाला’ या ओळीत) पाठवतेय. मग ट्रंकच्या सेटिंगमध्ये कॉन्टेक्स्ट (आलेला कॉल कसा हाताळायचा ती नोंद) बदलून फ्रॉम-पीएसटीएन-टूहेडर करायचा, की नंबर तिथून उचलला जातो. आणि एक सांगतो, कुणी म्हणेल की ॲनॉनिमस इनबाउंड एसआयपी कॉल्सना येस करा म्हणजे सगळे कॉल येतील. नाही करायचं. येतील खरे, पण जगभरातले बॉट, म्हणजे आपोआप कॉल करणारे प्रोग्रामसुद्धा येतील.

लँडलाइनचं गणित वेगळंच. साध्या तांब्याच्या लाइनवर एक्स्चेंज रिंग पाठवतं, पण कुठला नंबर लावला ते सांगतच नाही. त्यामुळं तिथं इनबाउंड रूटमध्ये कितीही नंबर भरा, जुळायला समोर काहीच नसतं. कार्डाच्या कुठल्या पोर्टवर रिंग आली यावरूनच ओळखायचं. फ्रीपीबीएक्समध्ये डॅडी चॅनल डीआयडीज म्हणून पान आहे, तिथं प्रत्येक चॅनलला (म्हणजे पोर्टला) त्या लाइनचा नंबर चिकटवायचा, मग रूट चालायला लागतो. उद्या कार्ड काढून गेटवे (लँडलाइन नेटवर्कला जोडणारा डबा) लावलात तर हेच काम गेटवेच्या पानावर पोर्टवार करायचं. फक्त दोन्ही लाइनवर हंटिंग आहे का ते एक्स्चेंजला विचारून घ्या. हंटिंग असेल तर पहिली लाइन बिझी असताना तिचा कॉल दुसरीवर उडी मारतो, आणि मशीनला वाटतं गिऱ्हाइकानं दुसराच नंबर लावला. दोन्ही लाइन मशीन शॉपच्याच म्हणून तुमचं भागेल, पण दुसरी लाइन चपलांच्या दुकानाला द्यायचा विचार असेल तर हंटिंग आधी काढा.

ते कोरं रूट मात्र डिलीट करू नका. ते नसलं की न जुळलेल्या कॉलला इंग्रजी बाई हा नंबर सेवेत नाही म्हणून सांगते आणि गिऱ्हाईक समजतं धंदा बंद झाला. ते राहू द्या पण वळवा अशा फोनवर जिथं बोलायला माणूस आहे, माझ्या मते निवासाचं काउंटर, रात्री पण जागं असतंय. प्रत्येक रूटमध्ये सीआयडी नेम प्रीफिक्स पण भरा, म्हणजे फोन वाजतानाच स्क्रीनवर चप्पल की लॉज ते दिसतं आणि उचलणारा तसाच नमस्कार करतो. ते इंग्रजी अक्षरात लिहा, स्वस्तातल्या फोनवर देवनागरीचे नुसते चौकोन दिसतात.

प्रश्न : शाहूपुरीत आमची गुळाची अडत आहे. सीझनला गुजरातच्या एका मोठ्या व्यापाऱ्याचा फोन आला की तो थेट वडिलांच्या टेबलावर जावा म्हणून त्याचा नंबर सीआयडीत टाकून वेगळा रूट केला, डीआयडी कोरा ठेवला. तरी फोन दिवाणजींकडेच जातोय.
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : ताई किंवा दादा, जे कोण असाल, तुमचा रूट चुकलेला नाही, पण हरतोय. क्रम असा आहे की ज्यात डीआयडी आणि सीआयडी दोन्ही भरलेत तो रूट सगळ्यात वर, मग नुसत्या डीआयडीचा, त्याच्याखाली नुसत्या सीआयडीचा आणि तळाला कोरा. अडतीच्या नंबरचा डीआयडी रूट दिवाणजींकडे आहे ना, तोच आधी लागतो. व्यापाऱ्याच्या रूटमध्ये अडतीचा डीआयडी पण भरा, झालं. तुमचे चारपाच नंबर असतील आणि प्रत्येकासाठी वेगळा रूट करायचा कंटाळा असेल तर त्या रूटमध्ये सीआयडी प्रायॉरिटी रूट येस करा. व्यापाऱ्याचा नंबर मोबाइलमधून बघून टाकू नका, सीडीआरमध्ये पुढं शून्य आहे की अधिक ९१ ते बघून तसाच टाका, आणि तो दोन सिम वापरत असेल तर दोन्हीसाठी वेगवेगळा रूट लागेल.